लुआंटीचा छोटा सर्व्हर: नवे खेळाडू आणायचे आणि टिकवायचे कसे

लुआंटी या ठोकळ्यांच्या खेळाचा सर्व्हर, म्हणजे अनेकांनी इंटरनेटवरून एकत्र खेळायची जागा, उभा करणं एका संध्याकाळचं काम आहे. त्यावर माणसं दिसत राहणं हे वर्षभराचं. लुआंटी उघडून सार्वजनिक सर्व्हरांच्या यादीत खाली खाली जात राहिलात तर ‘०/१५’ असे आकडे ओळीने लागतात. त्यातले पुष्कळ सर्व्हर उत्तम चालतात. कुणीतरी रात्री जागून मॉड (खेळात भर घालणारे जोड) जुळवलेले असतात, स्पॉनवर, म्हणजे नवा खेळाडू जिथे उतरतो त्या जागी, देखणं देऊळ बांधलेलं असतं, आणि आत चिटपाखरू नसतं.

या यादीत नव्याने उतरणाऱ्यांसाठी हा लेख आहे. तुमच्याकडे पाच-सात ओळखीचे खेळाडू आहेत, जाहिरातीला पैसे नाहीत आणि दिवसभराची नोकरी किंवा कॉलेज आहे, असं मी धरून चालते.

लुआंटी म्हणजे ठोकळ्यांचं जग. खणायचं, बांधायचं, शेजारी राहायचं. फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० मध्ये तो सुरू केला. बरीच वर्षं त्याचं नाव माइनटेस्ट होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते लुआंटी झालं. तो फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, अँड्रॉइड फोनवर चालतो आणि खेळायला ईमेल मागत नाही. आपल्याकडे मुलांच्या हाती कॉम्प्युटरपेक्षा फोनच जास्त, म्हणून उदाहरणं याच खेळाची देते. माइनक्राफ्ट या तशाच ठोकळ्यांच्या खेळाचा सर्व्हर चालवणाऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी एक हिशोब

समजा तुमचे आठ खेळाडू आहेत आणि प्रत्येक जण रोज तासभर खेळतो, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा. दिवसाचे चोवीस तास, त्यातले आठ माणूस-तास. म्हणजे कुठल्याही क्षणी सर्व्हरवर सरासरी एक तृतीयांश माणूस! नवा मुलगा डोकावतो, त्याला कुणी दिसत नाही, तो दोन मिनिटं फिरून निघून जातो. तुमच्या लेखी आठ जणांचा खेळता सर्व्हर, त्याच्या लेखी ओसाड गाव.

तेच आठ जण शनिवारी रात्री नऊ ते अकरा एकत्र आले तर नव्याला आठ माणसं दिसतील. माणसं तितकीच आहेत, एकूण तासही कदाचित कमीच भरतील, पण जागा भरलेली वाटेल. खाली जे सांगते आहे त्यातलं बहुतेक या एका हिशोबातून आलेलं आहे. छोट्या सर्व्हरकडे माणसं थोडी असतात, म्हणून ती एका वेळी एका जागी आणायची. मॉड, पोत (ठोकळ्यांवरची चित्रं), नकाशा हे सगळं त्यानंतर.

पायरी १: सर्व्हर कुठे ठेवायचा

यावर फार वेळ घालवू नका. मोबाइल डेटावर आणि बऱ्याच घरगुती फायबर जोडण्यांवर तुमच्या घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. मग राउटरवर पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडूनही बाहेरचं कुणी आत येऊ शकत नाही. अशा वेळी महिन्याच्या भाड्याने छोटा व्हीपीएस, म्हणजे डेटा सेंटरमधला सतत चालू असणारा कॉम्प्युटर, घ्या. आठ-दहा खेळाडूंना एक-दोन जीबी रॅम पुरते. मुंबई किंवा बंगळुरूचं डेटा सेंटर निवडा. युरोपातला सर्व्हर चार पैसे स्वस्त पडतो, पण पुण्याहून तिथे जाऊन यायला एक दशांश सेकंदाहून जास्त लागतो. ठोकळा फोडला तरी हातात यायला वेळ लागतो, मारामारीत तर खेळाडू वैतागतोच. लुआंटी यूडीपी या माहिती पाठवायच्या पद्धतीवर ३०००० हे पोर्ट वापरतो. व्हीपीएसच्या फायरवॉलमध्ये ते यूडीपीसाठीच उघडायला विसरू नका, टीसीपी ही दुसरी पद्धत उघडून ‘चालत का नाही’ म्हणून डोकं धरून बसणारे खूप आहेत.

खेळ कुठला घ्यायचा? लुआंटी हे खरं तर इंजिन, म्हणजे पाया आहे, त्यावर वेगवेगळे खेळ चालतात. माइनक्राफ्ट खेळलेली मुलं येणार असतील तर व्हॉक्सेलिब्रे घ्या, सगळं ओळखीचं वाटेल. निवांत बांधकामच करायचं असेल तर साधा माइनटेस्ट गेम हलका पडतो, त्यात राक्षस-बिक्षस नाहीत.

मॉडच्या बाबतीत कंजूष व्हा. पहिल्यांदा जोडताना खेळाडूच्या फोनवर सगळ्या मॉडची चित्रं आणि आवाज उतरतात. शंभर मॉडचा सर्व्हर वायफायवर ठीक. एसटीत बसून मोबाइल डेटावर जोडणारा मुलगा त्या पट्टीकडे बघत बसतो आणि मग दुसरं काहीतरी उघडतो. त्याने तुमचा सर्व्हर अजून पाहिलेलाही नसतो.

पायरी २: यादीत नीट दिसा

सर्व्हर सार्वजनिक यादीत जाहीर करायची सेटिंग मुळात बंद असते, ती चालू करा. नाव आणि वर्णन भरा. वर्णनात ‘बेस्ट सर्व्हर, नो लॅग’ असलं काही लिहू नका, सगळेच लिहितात. ‘मराठी गप्पा, किल्लेबांधणी, शनिवारी रात्री ९ ला सगळे असतात’ एवढं पुरे. वेळ वर्णनातच लिहिली म्हणजे मंगळवारी दुपारी शून्य खेळाडू पाहणाऱ्यालाही कळतं की हे गाव मेलेलं नाही, बाजार शनिवारचा आहे.

खेळाडूंची कमाल मर्यादा मुळात १५ असते. ती उगाच शंभर करू नका. ‘६/१५’ बघून आत जावंसं वाटतं, ‘६/१००’ बघून वाटतं इथे काहीतरी बिनसलंय. माणसं तेवढीच.

यादीतला क्रमही समजून घ्या. आत्ता किती खेळाडू आहेत, सरासरी किती असतात, जग किती जुनं आहे, यावरून गुण मिळतात आणि नुकत्याच रीस्टार्ट झालेल्या सर्व्हरचे गुण कापले जातात. म्हणून मॉडचे अपडेट, बॅकअप आणि रीस्टार्ट शनिवारी संध्याकाळी आठला नकोत. ते शुक्रवारी रात्री उशिरा उरका. आणि सारखं ‘नवं जग, नवी सुरुवात’ करू नका. नवं जग टाकायचा मोह प्रत्येक अ‍ॅडमिनला होतो, जुन्या खेळाडूंची घरं त्यात जातात आणि जगाच्या वयाचे गुणही.

पायरी ३: वेळ ठरवा आणि ती मोडू नका

आठवड्यातून एक वेळ. दोन नकोत, सुरुवातीला तरी. गल्लीतलं क्रिकेट आठवा: फोन नव्हते तेव्हाही सहा वाजता पोरं जमायची, कारण सहाला जमतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. एखाद्या आठवड्यात दोघेच आले तरी दोघांनी खेळायचं. ‘आज कमी आहेत, उद्या भेटू’ असं एकदा केलंत की पुढच्या वेळी प्रत्येक जण आधी ग्रुपवर विचारतो, ‘कोण कोण येतंय?’ आणि सगळे एकमेकांच्या उत्तराची वाट बघत बसतात.

शनिवारी रात्री नऊ ही वेळ मी सुचवते, त्याला कारण आहे. जेवणं झालेली असतात, दुसऱ्या दिवशी शाळा-ऑफिस नसतं. परदेशातल्या मराठी मुलांनाही ती जमते: दुबईत साडेसात, लंडनमध्ये उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन, न्यू जर्सीत सकाळचे साडेअकरा किंवा साडेदहा. तिकडच्या आईवडिलांना पोरं मराठीत बोलतायत म्हटल्यावर स्क्रीनचा तास फार खुपत नाही. सिडनीत मात्र मध्यरात्र उलटलेली असते. तिकडचे चार-पाच जण झालेच तर त्यांच्यासाठी रविवारी दुपारी दोनची वेगळी बैठक ठेवा, तेव्हा त्यांच्याकडे संध्याकाळ असते.

पायरी ४: पहिले दहा जण

पहिले खेळाडू यादीतून येत नाहीत. ते चुलतभाऊ, शाळेतले मित्र, सोसायटीतली मुलं, कॉलेजचा ग्रुप असे येतात, आणि एकटे येत नाहीत. म्हणून आमंत्रण एकट्याला देऊ नका. ‘तू आणि तुझा भाऊ या’ असं सांगा. जोडीने आलेला खेळाडू सर्व्हर रिकामा असला तरी टिकतो, कारण त्याच्यापुरता तो रिकामा नसतोच.

आमंत्रणात तीनच गोष्टी हव्यात: अ‍ॅप कुठून घ्यायचं, पत्ता व पोर्ट काय, किती वाजता यायचं. त्याखाली स्क्रीनशॉट एक, आणि त्यात माणसं दिसली पाहिजेत. रिकाम्या महालापेक्षा अर्धवट भिंतीवर उभे असलेले चार खेळाडू जास्त बोलावतात.

मोठ्या सर्व्हरच्या चॅटमध्ये जाऊन आपली जाहिरात करणं हा प्रकार टाळाच. तिथले अ‍ॅडमिन तुम्हाला हाकलतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

पायरी ५: पहिली दहा मिनिटं

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. आलेला माणूस राहणार की जाणार हे बहुधा इथेच ठरतं.

लुआंटीत मुळात एक पूर्ण दिवस-रात्र वीस मिनिटांत होते. म्हणजे तुमचा नवा खेळाडू एक तर अंधारात जन्मतो, नाहीतर जन्मल्यावर काही मिनिटांत अंधार पडतो. व्हॉक्सेलिब्रेमध्ये अंधार म्हणजे झोंबी. हातात काही नाही, कुठे जायचं माहीत नाही, आणि मेला. म्हणून स्पॉनची जागा पक्की ठरवून द्या, त्यासाठी सेटिंग आहे. त्यावर छप्पर, आजूबाजूला भरपूर उजेड, आणि तिथून दिसेल असा एकच रस्ता. स्पॉनपासून पाच रस्ते फुटले की नवखा कुठल्याच रस्त्याने जात नाही.

सुरुवातीचं सामान द्या: थोडे पाव, लाकडी कुदळ, मशाली. माइनटेस्ट गेममध्ये यासाठी तयार सेटिंग आहे, नसेल तिथे एक पेटी ठेवा आणि रोज भरा. मात्र हिऱ्याची तलवार देऊ नका. सगळं आयतं मिळालं की पुढचा तास करायचं काय?

स्पॉनच्या भोवतालची जमीन बघा. जुन्या सर्व्हरवर तिथे खड्डेच खड्डे असतात, कारण प्रत्येक नवख्याने पहिला दगड तिथेच फोडलेला असतो. झाडं तोडून उरलेली हवेत लटकणारी पानं, अर्धी घरं, कुणीतरी ओतलेला लाव्हा. ही जागा संरक्षित करा आणि आठवड्याला साफ करा. कंटाळवाणं काम आहे, पण याला पर्याय नाही. जवळच मोकळी, न खणलेली जमीन राखून ठेवा आणि तिथपर्यंत रस्ता न्या. नव्याला पहिलं घर स्पॉनपासून दोन मिनिटांवर बांधता आलं पाहिजे. दूर गेला की तो हरवतो, हरवला की बंद करतो. ‘घर’ ठरवून तिथे एका आज्ञेत परतायची सोय देणारा मॉड पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला ठेवा.

फलकांबद्दल. लुआंटीत देवनागरी अक्षरं नीट जुळत नाहीत, मात्रा-वेलांट्या भलतीकडे जातात, जोडाक्षरं सुटतात. म्हणून फलक आणि चॅट रोमन लिपीतल्या मराठीत ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे लिहितातच तसं. फलक तीन, फार तर चार. ‘डावीकडे मोकळी जमीन.’ ‘दुसऱ्याचं घर फोडायचं नाही.’ ‘मदत हवी तर चॅटमध्ये विचारा.’ वीस नियमांची भिंत कुणी वाचत नाही. आणि ‘नियम वाचून त्यातला गुप्त शब्द टाका, मगच ठोकळ्याला हात लावता येईल’ अशी अट छोट्या सर्व्हरवर तर नकोच. गर्दीच्या सर्व्हरला उपद्रवी लोक गाळायला ती चाळणी लागते. तुमच्याकडे गाळायला आहेच कोण?

आणि एक माणूस. शनिवारच्या बैठकीत एकाने स्पॉनवर थांबायचं, पाळीपाळीने. नवं नाव आत आलं की त्याने नावाने हाक मारायची आणि मग एक गोष्ट विचारायची, ‘फोनवर आहेस का कॉम्प्युटरवर?’ फोनवर असेल तर चॅट कसं उघडायचं हे त्याला बऱ्याचदा माहीत नसतं. उत्तर आलं नाही म्हणून तो उद्धट ठरत नाही, त्याला की-बोर्डच सापडलेला नसतो. त्याच्यासमोर जाऊन दोन उड्या मारा, एक पाव टाका. तो मागे येतो. त्याला तुमच्या घराची सफर घडवू नका. सगळे जुने खेळाडू हेच करतात, ‘चल माझा बेस दाखवतो’, आणि नवखा बिचारा दुसऱ्याच्या बावीस खोल्या बघत फिरतो. त्याच्या हातून पहिल्या दहा मिनिटांत एक तरी ठोकळा अशा जागी लागला पाहिजे, जिथे तो उद्याही असेल.

पायरी ६: करायला सामायिक काहीतरी

ठोकळ्यांच्या खेळात ध्येय तुम्हाला द्यावं लागतं. प्रत्येकाने आपापलं घर बांधलं की तीन आठवड्यांत सगळ्यांची घरं होतात आणि खेळ संपतो. सामायिक बांधकाम चालू असेल तर नव्याला घुसायला जागा असते.

आपल्याकडे याचं आयतं निमित्त आहे. दिवाळीत मातीचा किल्ला केलेल्या पोरांना ठोकळ्यांचा किल्ला समजावून सांगावा लागत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. महिन्याला एक घेतला तर वर्षाचा कार्यक्रम तयार.

राजगडापासून सुरुवात करा. त्याची रचना सर्व्हरसाठीच केल्यासारखी आहे: पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध बालेकिल्ला. तीन माच्या तीन गटांना द्या, बालेकिल्ला सगळ्यांनी मिळून करा. नवा आला की सगळ्यात मागे पडलेल्या गटात तो जातो. कुणाला विचारायचं, कुठे उभं राहायचं, हा प्रश्नच त्याला पडत नाही.

मापाचा विचार आधी करा. लुआंटीत एक ठोकळा म्हणजे साधारण एक मीटर. सिंधुदुर्गाची तटबंदी तीन किलोमीटरच्या आसपास आहे. खऱ्या मापाने बांधायला घेतलीत तर आठ खेळाडूंचं वर्ष त्या एकाच भिंतीत जाईल. पाचास एक असं माप घ्या, किंवा किल्ल्याचा एकच भाग उचला. रायगडाचा नुसता महादरवाजा आणि त्याच्या दोन बाजूंचे बुरूज हे एका महिन्याचं छान काम आहे.

अ‍ॅडमिनकडे वर्ल्डएडिटसारखा मॉड असतो. त्याने अख्खी भिंत एका आज्ञेत उभी राहते. तो नकाशा सपाट करायला, डोंगर उचलायला जरूर वापरा. भिंतीला हात लावू नका. कंटाळवाणी, सोपी, लांबलचक भिंत म्हणजे नवख्याचं हक्काचं काम. दगड आणायचे, रचायचे, शेजारी कुणीतरी तेच करतंय, मधे गप्पा. तेवढ्यात ओळख होते. किचकट कमानी जुन्यांना द्या, त्यांना मिरवायला काहीतरी लागतंच.

पायरी ७: जुन्यांना आवरा

नवे जातात त्याला अनेकदा जुने कारणीभूत असतात. वाईट हेतूने नसेल. दोन महिन्यांत त्यांची एक टोळी होते, त्यांचे विनोद होतात, टोपणनावं होतात. नवा आत येतो तेव्हा चॅटमध्ये अशी काही भाषा चालू असते की आपण दुसऱ्याच्या लग्नात आलोय असं त्याला वाटावं. बैठकीचा पहिला अर्धा तास तरी सगळ्यांना कळेल असंच बोलायचं, हे जुन्यांना स्पष्ट सांगा. ते ऐकतात.

मारामारीचं म्हणाल तर हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्या जन्माआधीचा नसला तरी बराच जुना आहे. अल्टिमा ऑनलाइन हा इंटरनेटवर अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ १९९७ मध्ये आला तेव्हा अनुभवी खेळाडू गावाबाहेर दबा धरून नवख्यांना लुटायचे. शेवटी २००० मध्ये खेळ बनवणाऱ्यांनी जगाचे दोन भाग केले, ट्रॅमेल आणि फेलुका. पहिल्यात परवानगीशिवाय एकमेकांना मारता येत नाही, दुसऱ्यात जुने नियम. त्या निर्णयाने खेळातली धार गेली असं म्हणणारे आजही भेटतात. छोट्या सर्व्हरपुरतं माझं मत पक्कं आहे: नव्यांचं जग सुरक्षित हवं, आणि ज्यांना लढायचं त्यांना वेगळं मैदान द्या. दोन जग करायची गरज नाही, एक आखाडा पुरतो.

तोडफोडीसाठी दोन गोष्टी आधीच करून ठेवा. एक, जागा संरक्षित करण्याचा मॉड, आणि तो वापरायला इतका सोपा हवा की दहा वर्षांच्या मुलाला जमेल. कोपरे मोजून आज्ञा टाइप करण्यापेक्षा, ठोकळा ठेवला की भोवतालची जागा आपली, हा प्रकार फोनवाल्यांना बरा पडतो. दोन, कोणी काय फोडलं याची नोंद ठेवणारी रोलबॅकची सेटिंग. ती मुळात बंद असते. घर जळाल्यावर चालू करून उपयोग नाही, नोंद मागे जाऊन होत नाही. आग पसरणं बंद ठेवा. लाव्हाची बादली सगळ्यांच्या हाती देऊ नका.

आणि ज्याचं घर फुटलं त्याला आधी भेटा, फोडणाऱ्याचा समाचार नंतर. बंदी घालण्यात अ‍ॅडमिनला जो उत्साह असतो त्याच्या निम्मा भिंत परत बांधून देण्यात असता तर कितीतरी सर्व्हर वाचले असते.

शिकवणारे जुने खेळाडू ओळखा आणि त्यांना मान द्या. ईव्ह ऑनलाइन हा अंतराळयुद्धाचा अतिशय अवघड खेळ. त्यात नवख्यांना शिकवायला खेळाडूंनीच २००४ मध्ये ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ काढली आणि ती खेळातल्या नामांकित संघटनांत गणली जाते. तुमच्याकडे विद्यापीठ नको, एक दादा किंवा ताई पुरे. नावाला वेगळा रंग द्या, बालेकिल्ल्यात घर द्या. विशेष अधिकार मात्र सावकाश द्या. पंधरा वर्षांच्या मुलाला लोकांना हाकलायचा अधिकार दिलात की पहिल्या आठवड्यात त्याचा सख्खा भाऊच बाहेर असतो.

पायरी ८: पासवर्ड, पैसे, फोन नंबर

पासवर्ड विसरणं हे गळतीचं एक कारण आहे आणि त्याकडे फार कमी लोक बघतात. लुआंटी ईमेल मागत नाही, म्हणून ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटणही नाही. मूल पासवर्ड विसरतं, घर त्या नावावर असतं, मग ते नव्या नावाने येतं, आपल्याच घराचं दार उघडत नाही म्हटल्यावर रडकुंडीला येतं आणि जातं. अ‍ॅडमिनला एका आज्ञेत नवा पासवर्ड देता येतो. ‘पासवर्ड विसरलात तर अमुक नावाच्या अ‍ॅडमिनला सांगा’ हे ग्रुपच्या माहितीत लिहून ठेवा. फक्त मागणारा खरा तोच आहे ना, हे त्याच्या घराबद्दल दोन प्रश्न विचारून बघा.

पैसे. सर्व्हरच्या भाड्यासाठी मोठ्यांकडून वर्गणी घ्यायला हरकत नाही, हिशोब ग्रुपवर टाका. वर्गणी देणाऱ्याला ताकदवान हत्यार देऊ नका, नवे लोक ते लगेच हेरतात. प्रवेश फी घेऊन रोख बक्षिसाची स्पर्धा तर अजिबात नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आणली आहे, त्याच्या आसपासही फिरकू नका. किल्ल्याच्या स्पर्धेत जिंकणाऱ्याचा झेंडा महिनाभर स्पॉनवर लावा, पोरांना तेवढं पुरतं.

मुलांचे नंबर. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. बारा वर्षांच्या मुलीचा नंबर यादीतून आलेल्या अनोळखी माणसाला दिसावा, हे कुठल्याच पालकाला चालणार नाही आणि चालू नये. सूचनांसाठी चॅनेल वापरा, त्यात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल मानला आहे आणि मुलांची माहिती गोळा करायला पालकांची संमती लागते. सोपा मार्ग: माहिती गोळाच करू नका. खरं नाव, शाळा, गाव विचारू नका, आणि चॅटमध्ये कुणी विचारत असेल तर लगेच थांबवा. एखाद्या पालकाने ‘हे काय खेळताय?’ म्हणून विचारलं तर त्यांना शनिवारी स्वतः आत यायला सांगा.

पायरी ९: काय मोजायचं

एकूण किती नावं नोंदली गेली, हा आकडा विसरा. त्यात निम्मे दोन मिनिटं थांबून गेलेले असतात. एक साधी वही करा: या शनिवारी नवी नावं कोणती आणि त्यातली पुढच्या शनिवारी परत कोणती दिसली. एखादं नाव शेवटचं कधी आलं होतं हे लुआंटीत एका आज्ञेत कळतं, त्यामुळे वही अर्ध्या तासात भरते.

नवे येतातच कमी, तर अडचण आमंत्रणात किंवा यादीतल्या वर्णनात आहे. येतात पण दहा मिनिटांत जातात, तर स्पॉन आणि पायरी ५ पुन्हा बघा, शक्य झाल्यास दुसऱ्याच्या फोनवर नवं नाव घेऊन स्वतः आत जाऊन बघा. तासभर खेळतात पण परत येत नाहीत, तर त्यांना परत यायला कारण मिळालेलं नाही. अशाला निघताना सांगा, ‘पुढच्या शनिवारी या बुरुजाचं छप्पर करायचंय, तुझी बाजू तशीच ठेवतो,’ आणि खरंच तशीच ठेवा. त्याच्या अर्धवट भिंतीला दुसऱ्याने हात लावला की त्याचं येण्याचं कारण संपलं.

पायरी १०: ओहोटीचे महिने

फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, पाठोपाठ खालच्या वर्गांच्या. सर्व्हर रिकामा होणार, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. या काळात नवे खेळाडू आणायचा खटाटोप करू नका, आलेल्याला रिकामं गाव दिसेल. बैठक पंधरा दिवसांनी ठेवा, किंवा थेट जाहीर करा की आता एप्रिलच्या अमुक शनिवारी भेटू. तारीख नक्की सांगा. ‘परीक्षा झाल्यावर बघू’ असं म्हटलेले सर्व्हर परत भरत नाहीत.

मधल्या काळात मॉडचे अपडेट करा, बॅकअप दुसऱ्या ठिकाणी उतरवून तो उघडतो का ते एकदा तपासा, स्पॉन झाडून घ्या, पुढच्या किल्ल्यासाठी डोंगर तयार ठेवा. दुसरा अ‍ॅडमिनही याच वेळी तयार करा. त्याला सर्व्हरचे पासवर्ड, भाड्याची तारीख आणि रीस्टार्टची पद्धत कागदावर लिहून द्या, म्हणजे तुमची बदली झाली, परीक्षा आली किंवा नुसता कंटाळा आला तरी शनिवार चुकणार नाही. मग मेच्या सुट्टीआधी आमंत्रणं पाठवा, जुन्यांना आधी, आणि प्रत्येकाला एक भाऊ-बहीण किंवा मित्र घेऊन यायला सांगा.